लेण्यातली ठेव



आपल्या वस्तीत सहल हा शब्द शाळेतच ऐकू येतो. घरातून बाहेर पडणे होते ते लग्नाला, पुण्यानुमोदनाला, दवाखान्यात. १४ एप्रिलच्या मिरवणुकीला. ज्याला जमेल तो नागपूरला दीक्षाभूमीवर जातो. पण मुलांचा हात धरून, काहीतरी बघायचे म्हणून, रविवारी डबा घेऊन निघालो असे आपल्याकडे कमी घडते. एका रविवारचा पगार बुडतो, बसचे भाडे पडते, आणि घरातली बाई म्हणते, त्यापेक्षा पोरांना चप्पल घेऊ. ती चुकीचे बोलत नाही.

तरीही आज आम्ही एका सहलीचीच गोष्ट सांगणार आहोत. गोष्ट घरची आहे. पण अशी घरे वाचकांत पुष्कळ असतील, म्हणून सांगतो.

आम्हाला दोन भाचे. धाकट्या भावाची मुले. थोरला तेव्हा सातवीत होता, धाकटा तिसरीत. राहायला नाशिकरोडला, दोन खोल्यांत. गेल्या वर्षी वर्षावास सुरू झाला तेव्हापासून दोघांचे टुमणे लागले होते, "आत्या, कुठंतरी ने ना गं आम्हाला." आम्ही शब्द दिला होता. पण मध्येच भावात आणि आमच्यात बोलणे बंद झाले.

कारण पैशाचे. आमच्या आईने सिन्नरला विड्या वळून आणि नंतर नाशिकरोडला लोकांच्या घरची धुणीभांडी करून काही रक्कम बाजूला टाकली होती. आम्ही बी.कॉम. झालो, कारकुनीला लागलो, तेव्हा तिने ती आमच्या हातात दिली आणि बँकेत ठेव करायला लावली. पुढे तिच्यात आणखी भर पडत गेली. आई गेली तेव्हा ठेव ऐंशी हजारांची होती. तिचे आणि आमचे जोडनाव होते, ती गेल्यावर आमचे एकटीचे राहिले. आईचे सांगणे एकच होते : "मुद्दलाला हात लावायचा नाही. व्याजावर पोरांच्या वह्या-पुस्तकं होऊ दे. त्यांचं शिकणं झालं की मग बघा." आईला अक्षर येत नव्हते. बँकेच्या कागदावर तिने अंगठा उठवला होता. वर्षाला पाच हजार सहाशे व्याज येत असे आणि ते जूनमध्ये शाळेच्या दप्तरात जात असे.

इकडे भावाचे कंत्राटी काम सुटले. तीन महिने घरी बसला. त्याच्याकडे रिक्षाचे लायसन आणि बॅज होता. ओळखीतली एक जुनी रिक्षा विकायला निघाली होती. पन्नास हजार कमी पडत होते. तो आला आणि म्हणाला, "ताई, ठेव मोड." आम्ही नाही म्हणालो. तो म्हणाला, "पोरं माझी आहेत, आणि आई माझीपण होती." हे खोटे नव्हते. पण आम्हीही आईचा शब्द धरून बसलो. त्यानंतर पंधरा दिवस फोन नाही, येणे नाही.

अशा वेळी मुलांचा शब्द पाळायचा की नाही? भावजयीने निरोप धाडला, "ताई, तुमचं भांडण तुमच्यापाशी. पोरं रोज वाट बघतात." रविवारी सकाळी आम्ही दारात उभे राहिलो. भाऊ मोरीत तोंड धूत होता. मागे वळून त्याने पाहिले, बोलला नाही. भावजयीने चपात्या, बटाट्याची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली, आणि तिघे निघालो.

दोन बस बदलून पाथर्डी फाट्याकडे आलो. डोंगर समोर दिसतो. पायथ्याशी दादासाहेब फाळके स्मारक आहे आणि त्याला लागून मोठा बुद्धविहार आहे. धाकट्याला स्मारकातली बाग आधी दिसली. ज्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढला ते फाळके इथल्याच त्र्यंबकचे, एवढे सांगून झाले. त्याला त्यात रस नव्हता, त्याला बागेत खेळायचे होते. उतरताना नेतो असे कबूल करून पायऱ्यांकडे वळवले.

पायऱ्या सुमारे दोनशे. पावसाची भुरभुर होती, दगड निसरडे होते. वर तिकीट आहे; पण पंधरा वर्षांखालच्या मुलांना ते पडत नाही. म्हणजे वाचकहो, लेकरांना घेऊन जायचे तर एकट्या मोठ्या माणसाचाच खर्च.

चढता चढता थोरला म्हणाला, "आत्या, ही पांडवांनी एका रात्रीत कोरली ना? वर्गात सगळी तसंच म्हणतात."

आम्ही रागावलो नाही. लहानपणी आम्हीही तेच ऐकले होते. जिथे जिथे डोंगरात लेणे आहे तिथे तिथे लोकांनी पांडवांचे नाव लावून टाकलेले आहे. पण इथे गंमत अशी की कोणी कोरले हे विचारायला दुसरीकडे जावे लागत नाही. ज्यांनी कोरवून घेतले त्यांनी आपले नाव, गाव, काय दिले, कशासाठी दिले, हे सगळे भिंतीवर लिहून ठेवले आहे. डोंगराचे नावही त्यातच आहे, त्रिरश्मी, प्राकृतात तिरण्हु. अक्षरे ब्राह्मी आहेत. मध्यंतरी शेकडो वर्षे ती कोणाला वाचता येत नव्हती. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याने अशोकाचे लेख वाचून ब्राह्मीची किल्ली शोधली, आणि मग हे डोंगर बोलू लागले. आपल्या नाशिकचे लेख मराठीतून वाचायचे असतील तर वा. वि. मिराशी यांचा सातवाहन आणि क्षत्रपांच्या कोरीव लेखांवरचा ग्रंथ आहे. मोठ्या वाचनालयात विचारावा. आम्ही सहलीच्या आधी तो आणून, आपल्याला हवे तेवढे वहीत उतरवून घेतले होते.

इथे एकूण चोवीस लेणी मानली जात. २०२१ साली आणखी काही सापडल्याच्या बातम्या आल्या. सगळी एका दिवसात मुलांना दाखवू नयेत. मुले कंटाळतात आणि मग त्यांना लेण्याचा रागच येतो. आम्ही चार ठरवली होती.

पहिले क्रमांक तीनचे. त्याच्या ओसरीखाली बलदंड पुरुष कोरले आहेत. सगळ्या लेण्याचा भार खांद्यावर घेऊन ते जमिनीतून अर्धे वर आल्यासारखे दिसतात. धाकटा त्यांच्यासमोर उभा राहून तसेच खांदे वर करू लागला. मग म्हणाला, "हे हमाल आहेत का?" आम्हाला हसू आले, आणि थोडे वाईटही वाटले. त्याच्या बापाने पहिली दोन वर्षे नाशिकरोडच्या मालधक्क्यावर पोती वाहिली होती.

या लेण्यातला मोठा लेख एका आईचा आहे. तिचे नाव गौतमी बलश्री. तिचा मुलगा सातवाहन राजा सातकर्णी. तो इतिहासात ओळखला जातो तो आईच्या नावाने, गौतमीपुत्र. त्याच्या पुढचा राजा पुळुमावी, तोही वासिष्ठीपुत्र. पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षी, नातू गादीवर असताना, या आजीने हे लेणे भिक्षुसंघाला दिले. मुलगा तेव्हा हयात नव्हता. लेखात तिने मुलाचे पराक्रम सविस्तर सांगितले आहेत. "म्हणजे आजीने लिहिलं," थोरला म्हणाला. हो, आजीनेच लिहवले. तो जरा गप्प झाला. त्याला कोणती आजी आठवली हे आम्हाला कळले.

मग क्रमांक दहा. याच्यासाठीच आम्ही आलो होतो.

हे लेणे उषवदात नावाच्या माणसाने कोरवले. तो क्षत्रप राजा नहपान याचा जावई. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा. त्याची बायको दक्षमित्रा, नहपानाची मुलगी. तिने दिलेल्या खोलीचा वेगळा लेख आहे. उषवदाताचे लेख वाचले तर माणूस फार दानशूर. त्याने ब्राह्मणांनाही गाई आणि गावे दिली, आणि भिक्षुसंघालाही लेणे दिले. दोन्ही त्याच्याच लेखात आहे, आणि आपण एक वाचून दुसरे झाकू नये. त्याने भडोच, दशपूर, गोवर्धन, सोपारा येथे वाटसरूंसाठी निवारे बांधले. तापी, दमण, पार, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा चालू केल्या. ती नावे आजही ओळखू येतात.

पण आमचे मन जडले आहे ते त्याच्या हिशेबाच्या लेखावर. वर्ष ४२, महिना वैशाख. त्यात तो सांगतो की लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने तीन हजार कार्षापण, म्हणजे चांदीची नाणी, कायमची दिली. दिली कोणाला? भिक्षूंच्या हातात नाही. गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवली. गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूर-गोवर्धनपैकी. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना, आजची सहकारी सोसायटी म्हणा. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा दरशेकडा एक व्याजाने. एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा दरशेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून, या लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा, चीवरासाठी. दुसऱ्या रकमेचे व्याज किरकोळ खर्चासाठी.

आम्ही थोरल्याला म्हणालो, "सातवीत सरळव्याज आहे ना? कर बरं."

त्याने ओसरीवरच्या ओल्या धुळीत बोटाने मांडले. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. वर्षाचे बारा महिने. दोनशे चाळीस. मग थांबला.

"आता वीस भिक्षूंत वाट."

"बारा." तो ओरडलाच. "आत्या, बरोबर बारा येतात! बाकी शून्य!"

वाचकहो, आम्ही वीस वर्षे कारकुनी केली. ताळेबंद जुळला की जो आनंद होतो तो ज्याने जुळवला त्यालाच माहीत. १९०० वर्षांपूर्वी कोणा कारकुनाने हे मांडले, दगडात कोरणाऱ्याने कोरले, आणि आपला सातवीतला मुलगा बोटाने ते तपासतो आणि पैचा फरक निघत नाही. मग त्याने न सांगता दुसराही हिशेब केला. हजारावर पाऊण टक्का, महिन्याला साडेसात, वर्षाला नव्वद. तोवर धाकटा खांबावरची जनावरे मोजत होता.

पुढे लेखात म्हटले आहे की हे पैसे परत द्यायचे नाहीत, फक्त वाढ खायची. अशा ठेवीला तेव्हा अक्षयनीवी म्हणत. नीवी म्हणजे मुद्दल, अक्षय म्हणजे न सरणारे. आणि हे सगळे गावच्या निगमसभेत सर्वांना ऐकवले आणि दप्तरात नोंदवले, असेही लिहिले आहे. ठेव गुपचूप ठेवलेली नाही. कोणाकडे किती, व्याज किती, कोणासाठी, हे चारचौघांत सांगितले, कागदोपत्री लावले आणि शिवाय दगडावर कोरले. तिघे जण मुकरले तरी दगड मुकरणार नाही.

थोरला बराच वेळ त्या अक्षरांकडे बघत राहिला. मग त्याने विचारले, "आत्या, विणकरांना एखाद्या वर्षी कामच नाही मिळालं तर? व्याज कुठून देणार?"

आम्ही उत्तर द्यायला तोंड उघडले आणि तसेच थांबलो. ओसरीवरून खाली नाशिक दिसते. अंबडच्या कारखान्यांचे पत्रे पावसात चमकत होते. थोरल्याने बोट केले. "तिकडं बाबांची कंपनी होती ना." होती, असे तो म्हणाला. पोराला सगळे ठाऊक होते. भिंतीआड झोपला आहे असे समजून आपण बोलतो, आणि पोरे जागी असतात. "बाबा रात्री आईला म्हणत होते, आजीची ठेव मोडली असती तर रिक्षा आली असती. आत्या, तू का नाही मोडत?"

आम्ही त्याला आजीचा शब्द सांगितला. त्याने ऐकून घेतला. मग म्हणाला, "पण त्या उषवदाताने पैसे पेटीत नव्हते ठेवले. विणकरांना दिले होते."

खरे सांगतो, हे आमच्या ध्यानात आले नव्हते. आम्ही त्या लेखात भिक्षूंचे चीवर पाहत होतो. पोराने विणकर पाहिले. तीन हजार कार्षापण हे त्या विणकरांचे भांडवल होते. त्यातून सूत आले असेल, माग आले असतील. त्यांचे हात चालले म्हणून भिक्षूंना चीवर मिळाले. मुद्दल सुरक्षित राहिले ते कोंडून ठेवल्याने नव्हे, तर कष्टकऱ्याच्या हाताला लागून, आणि लिहून ठेवलेल्या बोलीने. आणि सगळी रक्कम एकाच श्रेणीकडे नव्हती, दोन ठिकाणी वाटलेली होती. एकीचा धंदा बसला तर दुसरी आहे.

याच लेण्याच्या अंगणात पुढच्या काळातला, आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षाचा एक लेख आहे. तो विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेचा. तिनेही पैसे ठेवले ते वेगवेगळ्या श्रेणींकडे वाटून. त्यांत पाण्याची यंत्रे करणारे होते, तेल काढणारे होते. व्याज कशासाठी? आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी. एका बाईने घातलेला दवाखान्याचा फंडच तो. सत्ता मात्र दरम्यान बदलत होत्या. १९०६ साली आपल्या जिल्ह्यात जोगळटेंभी येथे तेरा हजारांहून अधिक चांदीची नाणी सापडली. ती नहपानाची, पण त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. राजा हरला की नाण्यावरचा मुखवटा बदलतो. पण ठेवीची ही रीत पुढेही चालू राहिली.

भूक लागली होती. एका बाजूला बसून डबा सोडला. पावसाने चपात्या थोड्या ओल्या झाल्या. जेवताना आम्ही त्यांना मुगूदासाची गोष्ट सांगितली. इथे एक लहानसे लेणे आहे. ते दासक मुगूदासाने परिवारासह दिले असा लेख आहे. दासक म्हणजे मासे धरणारा, कोळी, असा अर्थ अभ्यासक करतात. राजाच्या आईचे लेणे जसे आहे, तसे कोळ्याचेही आहे. त्याचे लहान आहे, पण नाव त्याच डोंगरावर, तशाच अक्षरांत. धाकट्याने विचारले, "कोळ्याकडे एवढे पैसे?" थोरला म्हणाला, "परिवारासह म्हणलंय ना. सगळ्यांनी मिळून दिले असतील." हा अर्थ पुस्तकात नाही, पण आपल्या घरांत गोष्टी होतात त्या अशाच होतात.

नंतर अठरा क्रमांकाचे चैत्यगृह पाहिले. त्याच्या दारावर नाशिकच्या लोकांचे नाव आहे. आपल्या शहराचे नाव सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडावर वाचायचे असेल तर तिथे वाचावे. आत स्तूपाभोवती मुलांनी प्रदक्षिणा घातली. मग विसाव्या लेण्यातल्या मोठ्या बुद्धमूर्तीपुढे तिघांनी त्रिसरण-पंचशील म्हटले. आत अंधार असतो, आवाज घुमतो. धाकटा शेवटचे सादु साधारण पाच वेळा म्हणाला, घुमण्यासाठी.

उतरताना बागेचा शब्द पाळला. धाकटा खेळत असताना आम्ही वहीत आकडे मांडत बसलो. थोरला शेजारी बसला. त्याच्याशी आम्ही मोठ्या माणसासारखे बोललो. बहुतेक बँका मुदत ठेवीवर कर्ज देतात, ठेवीच्या रकमेच्या नव्वद टक्क्यांपर्यंत. व्याज ठेवीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त. ठेव मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळते आणि बहुधा दंडही पडतो. आणि मोडलेली ठेव आपल्यासारख्या घरात पुन्हा उभी राहत नाही, हे अनुभवाने सांगतो. कर्ज घेतले तर ठेव जागेवर राहते आणि हाताला पैसा लागतो. मात्र कर्ज फिटले नाही तर बँक ठेवीतूनच वसूल करते. तो धोका आहे. हे सगळे आम्हाला, बी.कॉम. झालेल्या बाईला, पंधरा दिवस का सुचले नाही? कारण आम्ही हिशेब करत नव्हतो, आईचा शब्द खरा की भावाची गरज खरी याचे भांडण करत होतो. दोन्ही खरी होती.

संध्याकाळी मुलांना घरी सोडले. भाऊ बाहेरच्या पायरीवर बसला होता. थोरल्याने दारातच त्याला गाठले आणि दोन हजारांचे व्याज, वीस भिक्षू, प्रत्येकी बारा, बाकी शून्य, एका दमात सांगितले. भावाने आमच्याकडे पाहिले. भावजयीने चहा ठेवला.

मग बोलणे झाले. सोपे झाले नाही. भाऊ म्हणाला, "कर्ज म्हणजे हप्ता. आणि हप्ता चुकला तर पोरांचंच जाईल ना?" आम्ही म्हणालो, हो, जाईल, म्हणून ते पोरांच्या समोरच ठरू दे. साध्या फुलस्केप कागदावर लिहिले : ठेव ऐंशी हजार, आईची, मुलांच्या शिक्षणासाठी, तिच्यावर कर्ज पन्नास हजार, रिक्षासाठी, महिन्याला हप्ता अडीच हजार, भावाने भरायचा, कर्ज फिटेपर्यंत वह्या-पुस्तकांचा खर्च आत्याने करायचा. खाली भावाची सही, आमची सही, भावजयीची सही. भावजय म्हणाली, "माझी कशाला?" थोरला म्हणाला, "निगमसभा आहे ना." तिला काही कळले नाही, पण तिने सही केली. धाकट्याने कोपऱ्यात खांदे वर केलेला एक माणूस काढला. तो कागद आजही त्यांच्या घरी बाबासाहेबांच्या तसबिरीमागे आहे.

रिक्षा आली. आजवर सात हप्ते भरले. पाचवा हप्ता दहा दिवस उशिरा भरला गेला. त्या महिन्यात रिक्षाचे इंजिन निघाले होते. पुढचे काय होईल ते पुढे. पण ठेव जागेवर आहे, आणि भाऊ आमच्याकडे येतो-जातो.

समाजबांधवांनो, या गोष्टीतून दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक, घरातली ठेव, विमा, पतपेढीतली रक्कम, यांची माहिती नवरा-बायको दोघांना आणि कळत्या मुलांना असू द्या. पुष्कळ घरांत माणूस गेल्यावर कागद सापडत नाहीत. दोन, बहीण-भावांतला पैशाचा व्यवहार लिहून ठेवा. लिहिणे म्हणजे अविश्वास नव्हे. राजाचा जावई लिहून ठेवत होता. तीन, ठेव मोडण्याआधी बँकेत जाऊन ठेवीवर कर्ज मिळते का ते विचारा.

आणि आत्या, मावश्या, माम्या, काक्यांनो, तुम्हाला वेगळे सांगणे. आईबापांना मुलांशी बोलायला वेळ मिळत नाही, ते रोजच्या ओढीत असतात. जे मूल बापाला विचारत नाही ते आत्याला विचारते. वर्षातून एक रविवार काढा. नाशिकात असाल तर त्रिरश्मीवर न्या. काळाराम मंदिराच्या दारापाशी न्या आणि २ मार्च १९३० पासून आपली माणसे तिथे कशासाठी उभी राहिली ते सांगा. येवल्याला न्या, जिथे १३ ऑक्टोबर १९३५ रोजी बाबासाहेबांनी धर्मांतराची घोषणा केली. डबा घरचा घ्या. सगळे एकाच दिवशी दाखवू नका. आणि मुलांनी काही विचारले तर उत्तर लगेच द्यायची घाई करू नका. आमचे उत्तर तयार होते आणि ते चुकीचे होते.

या वर्षावासात पुन्हा जायचे ठरले आहे. थोरला आता आठवीत आहे, त्याला चक्रवाढ व्याज शिकवतात. तो म्हणतो, उषवदाताने चक्रवाढीने ठेवले असते तर किती झाले असते ते काढून दाखवतो. भाऊ म्हणाला, रिक्षाने सोडतो पायथ्याशी. भाडे घेणार का, असे आम्ही विचारले. म्हणाला, "ताई, हप्त्यात वळतं करून घे."

जयभीम.